पॉलिसी पाच, संरक्षण साडेसतरा लाखांचे : इचलकरंजीतील एका कुटुंबाचे प्रकरण

इचलकरंजीत माग स्वतःचे, पण सूत दुसऱ्याचे, अशा यंत्रमागधारकाला खर्चीवाला म्हणतात. कापड व्यापारी बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) देतो, हा कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. वीजबिल, कामगारांचे पगार, बँकेचे हप्ते आणि घरखर्च सगळे त्या मजुरीतूनच निघते. मंदी आली की पहिले माग थांबतात ते खर्चीवाल्याचे. हे प्रकरण अशाच एका घराचे आहे. कुटुंबाचे नाव देत नाही आणि आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

व्यक्तिगत विम्यासाठी जाणकार सल्लागार घ्यावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा ‘स्वस्त कुठे मिळेल’ एवढ्यावरच येऊन थांबतो. ऑनलाइन तुलना करून स्वस्त पॉलिसी कुणालाही शोधता येते, त्यासाठी सल्लागार लागत नाही. तो लागतो अर्ज भरण्याआधी आणि दावा करायची वेळ आल्यावर. या घराने हे दोन्ही प्रसंग पाहिले, म्हणून त्यांचे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

घर आणि घरातले विमे

जून २०२३. कुटुंबप्रमुख ४१ वर्षांचे, चोवीस साधे माग, शेड स्वतःची. पत्नी ३७ वर्षांची, घरी शिवणकाम करते. मुलगी चौदाची, मुलगा नवाचा. आई अडुसष्ट वर्षांची, मधुमेही. जुने रॅपियर (धोट्याशिवाय चालणारे) माग घेण्यासाठी सहकारी बँकेचे १८ लाखांचे कर्ज काढलेले आणि घराचे १४ लाख बाकी. घरखर्च महिन्याला ३५ हजारांच्या घरात. कुटुंबप्रमुखांना रक्तदाबाची गोळी २०२१ पासून सुरू आहे. तंबाखू मात्र मिसरूड फुटल्यापासूनची.

विम्याबद्दल विचारले की ते आत्मविश्वासाने सांगायचे, “पाच पॉलिस्या हायत. वर्षाला लाखाच्या वर भरतो.” ते खरेही होते. पाच पॉलिसींचा मिळून वार्षिक हप्ता १,१२,००० रुपये. २००९ ची पंधरा वर्षांची एंडोमेंट (मुदत संपल्यावर रक्कम परत देणारी बचतीची पॉलिसी), २०१४ ची एकवीस वर्षांची दुसरी एंडोमेंट, २०१६ ची मनीबॅक (ठरावीक वर्षांनी थोडे थोडे पैसे परत देणारी), बँकेत ठेव मोडायला गेल्यावर २०१८ मध्ये गळ्यात पडलेली युलिप (बाजारातल्या गुंतवणुकीशी जोडलेली पॉलिसी) आणि २०१९ ची मुलाच्या नावाची बालयोजना. पाचांतल्या चार पत्नीच्या मामांनी दिलेल्या. मामा एका कंपनीचे जुने एजंट, सगळ्या भावकीत मान असलेला माणूस. पहिल्या वर्षीचा थोडा हप्ता ते स्वतःच्या खिशातून भरायचे. भाचीला ते प्रेमाचे वाटायचे. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून अशी सूट देणे निषिद्ध आहे, हे त्या घरात कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

या पाचही पॉलिसींची विमा रक्कम एकत्र केली तर होते साडेसतरा लाख. म्हणजे ते उद्या गेले असते तर आलेल्या पैशांत व्यवसायाचे कर्जसुद्धा फिटले नसते. आरोग्य विमा होता, बँकेच्या गट योजनेतला, डिसेंबर २०२० पासूनचा, चौघांना मिळून ३ लाखांचा आणि वर्षाला १४ हजारांचा. गृहकर्जाला जोडलेला एक घटत्या रकमेचा विमाही होता. त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला असल्यामुळे तो आपल्याकडे आहे हेच त्यांना माहीत नव्हते.

सल्लागार कोण आणि कुणाच्या बाजूची

कोल्हापुरात एका छोट्या विमा ब्रोकर संस्थेत काम करणाऱ्या एका बाई त्यांना ओळखीतून मिळाल्या. पूर्वी त्या सर्वसाधारण विमा कंपनीच्या दावे विभागात होत्या. दावे नाकारले जाताना टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बघितलेला माणूस अर्ज वेगळ्याच डोळ्यांनी वाचतो. मला त्यांच्या सगळ्या गुणांत हा सर्वांत मोलाचा वाटला.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो. जीवन विम्यात तो एकाच कंपनीची पॉलिसी देऊ शकतो. बँक ही बहुधा ‘कॉर्पोरेट एजंट’ असते, म्हणजे तीही कंपन्यांच्याच वतीने विकते. ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो. त्याला विमा नियामकाचा, म्हणजे ‘आयआरडीएआय’चा परवाना लागतो आणि स्वतःच्या व्यावसायिक चुकांसाठी स्वतःचा विमा काढून ठेवावा लागतो. चौथा प्रकार सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागारांचा. ते फी घेऊन घराचे पूर्ण आर्थिक नियोजन करतात, त्यात विम्याची गरजही काढून देतात. हे चौघेही चांगले किंवा वाईट असू शकतात. पण भांडण झाले तर कोण कुणाच्या बाजूने उभे राहणार, हे ठरते ते या नात्यावरून.

ब्रोकरलाही कमिशन मिळते, आणि ते कंपनीकडूनच मिळते. म्हणजे हितसंबंधांचा प्रश्न सुटला असे अजिबात नाही. पहिल्याच बैठकीत पत्नीने सरळ विचारले, “मॅडम, तुम्हाला ह्यातनं किती मिळतंय?” बाईंनी प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीवर किती टक्के मिळतात ते कागदावर लिहून दिले. ग्राहकाने विचारले तर सांगायचे, हे ब्रोकरच्या आचारसंहितेतच आहे. पण विचारणारे फार कमी असतात. माझ्या मते सल्लागार निवडताना हा प्रश्न पहिला विचारावा आणि उत्तर देताना माणूस चाचरतो का ते बघावे.

जे प्रश्न कुणी विचारले नव्हते

पहिली बैठक अडीच तास चालली आणि तिच्यात एकाही नव्या पॉलिसीचे नाव निघाले नाही. बाईंनी जुने कागद मागितले. पाचांपैकी दोन बॉण्ड कपाटात, एक मामांकडे, दोन सापडेनात. २००९ च्या पॉलिसीवर वारस म्हणून वडिलांचे नाव, आणि वडील २०१७ मध्येच गेलेले. युलिपवर पत्नीचे माहेरचे नाव. आधार कार्डावर सासरचे. एका पानाच्या फॉर्मने सुटणाऱ्या या गोष्टी घरातला माणूस गेल्यावर बायकोला कोर्टातून वारस दाखला आणायला लावतात.

मग त्यांनी विचारले, “दादा, तुम्ही कुणाला जामीन राहिलाय का?”

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितले. चुलतभावाच्या पतसंस्थेच्या ६ लाखांच्या कर्जाला ते जामीनदार होते. पत्नीला हे त्या दिवशी कळले. पश्चिम महाराष्ट्रात पतसंस्थेला जामीन राहणे हा नात्याचा भाग मानतात, नाही म्हणता येत नाही. पण जामीनदार गेला म्हणून आधीच दिलेल्या कर्जाची जबाबदारी संपत नाही. त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून ती वसूल होऊ शकते, आणि विम्याचे पैसे मालमत्तेत मिसळले तर त्यातूनही.

हिशेब असा मांडला गेला. पुढची वीस वर्षे घरखर्च, वर्षाला ४ लाख २० हजार, म्हणजे ८४ लाख. वाढती महागाई आणि ठेवीवरचे व्याज ढोबळमानाने एकमेकांना खातील असे धरले. दोन्ही कर्जे ३२ लाख. जामीनकी ६ लाख. मुलांची शिक्षणे २० लाख. एकूण १ कोटी ४२ लाख. हातात साडेसतरा.

गृहकर्जाला जोडलेला विमा त्यांनी या हिशेबात धरलाच नाही. कारण २०२२ मध्ये कर्ज घेताना बँकेत भराभर सह्या घेतल्या गेल्या, त्यांत ‘माझी प्रकृती उत्तम आहे, कोणतेही औषध सुरू नाही’ असे घोषणापत्रही होते. गोळी तर आदल्या वर्षापासून सुरू. घोषणापत्र कुणी वाचून दाखवले नव्हते, यांनीही वाचले नव्हते. “ते पैसे मिळाले तर मिळाले, पण त्याच्यावर विसंबून वहिनींचा संसार मांडायचा नाही,” असे बाई म्हणाल्या.

तंबाखूचा रकाना

मुदत विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्यायचा हे ठरले. सव्वा कोटीचा घ्यायचा म्हटले तर कंपनी देईना. इथे छोट्या व्यावसायिकांची एक खरी अडचण समोर येते. कंपनी विम्याची रक्कम ठरवताना प्राप्तिकर विवरणपत्रातले उत्पन्न बघते आणि वयानुसार त्याची काही पट देते. यांचे तीन वर्षांचे सरासरी उत्पन्न ४ लाख ८० हजार. ज्या कंपनीने वीसपट मान्य केले तिच्या हिशेबाने कमाल ९६ लाख, त्यातून आधीचे साडेसतरा वजा. शेवटी ७५ लाखांवर बोलणे थांबले. रॅपियर माग चालू होऊन उत्पन्न वाढले आणि ते विवरणपत्रात दिसले की पुढचा अर्ज करायचा, असे बाईंनी लिहून ठेवले.

आणि मग तंबाखूचा प्रश्न. या प्रकरणातला सर्वांत अवघड प्रसंग हाच.

“मॅडम, ते कशाला लिहायचं? सगळीच खात्यात की. मामांनी कधी लिहिलं न्हाई.”

तंबाखू न खाणाऱ्यासाठी वर्षाचा हप्ता सुमारे १९ हजार येत होता. तंबाखू आणि रक्तदाब दोन्ही लिहिल्यावर ३४,५००. दरवर्षी साडेपंधरा हजारांचा फरक. कुठल्याही विक्रेत्याला इथे गप्प बसणे सोपे जाते. ग्राहक खूश, पॉलिसी लवकर निघते, दावा आला तर तो अजून वीस वर्षांनी.

बाईंनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, वैद्यकीय तपासणीत लघवीची कोटिनिन चाचणी असते, त्यात निकोटिनचा अंश सापडतो. तिथे खोटे उघडे पडले तर हा अर्ज नाकारला जाईल आणि ‘पूर्वी कुणी विमा नाकारला आहे का’ या प्रश्नाला पुढच्या प्रत्येक अर्जात ‘होय’ लिहावे लागेल. दोन, समजा चाचणीत सुटलात. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांत महत्त्वाची माहिती लपवल्याचे आढळले तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते. तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणावरून तिला आव्हान देता येत नाही. “तीन वर्षं काढायची आणि मग बिनधास्त, असं काही जण सांगतात. माझ्या टेबलावर दुसऱ्याच वर्षी आलेल्या फायली मी बघितल्यात. त्यात बायको माझ्यासमोर बसलेली असायची.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पत्नी म्हणाली, “लिहा मॅडम. पैसे मला घ्यायचे हायत, त्यांना नाही.” अर्जात तंबाखू लिहिली, रोजच्या पुड्या लिहिल्या, गोळीचे नाव आणि मात्रा लिहिली.

मी इतक्या अर्जांत ‘नाही, नाही, नाही’ अशा ओळीने मारलेल्या खुणा पाहिल्या आहेत की या एका रकान्यासाठी सल्लागाराने तासभर खर्च करणे मला त्या सगळ्या कामाचा गाभा वाटतो. विमा हा कागदावरचा करार आहे. कागद खोटा असेल तर हप्ता भरून आपण फक्त समाधान विकत घेतो, आणि तेही आपल्यासाठी, मागे राहणाऱ्यांसाठी नाही.

१८७४ चा कायदा

पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या १८७४ च्या कायद्याखाली घेतली गेली. त्याच्या कलम ६ प्रमाणे विवाहित पुरुषाने पत्नी आणि मुलांच्या लाभासाठी काढलेला विमा हा त्यांच्यासाठीचा न्यास (ट्रस्ट) मानला जातो. धनकोंना, म्हणजे कर्ज देणाऱ्यांना, फसवण्याच्या हेतूने तो काढल्याचे सिद्ध झाले नाही, तर ते पैसे नवऱ्याच्या मालमत्तेत धरले जात नाहीत. बँक, सुताचे व्यापारी, पतसंस्था, कुणालाच त्यांवर हात टाकता येत नाही.

धंद्यासाठी कर्ज काढणाऱ्या किंवा जामीन राहणाऱ्या प्रत्येक विवाहित माणसासाठी ही तरतूद आहे, आणि ती वापरायला जादा पैसे लागत नाहीत. अर्जासोबत एक पुरवणी फॉर्म भरावा लागतो. मात्र तो अर्जाच्या वेळीच भरावा लागतो, नंतर जोडता येत नाही. नंतर लाभार्थीही बदलता येत नाहीत, कारण पॉलिसी मग नवऱ्याची राहतच नाही. पाच पॉलिसी विकल्या गेल्या त्या दहा वर्षांत या कायद्याचा उल्लेख कुणी केला नव्हता. ऑनलाइन अर्जात तो पर्याय असतो. पण जामीनकीचा प्रश्न विचारल्याशिवाय त्याची गरज कळत नाही.

पॉलिसी ऑक्टोबर २०२३ मध्ये हातात आली. तोवर जुन्यांतली एकही बंद करायची नाही, असा बाईंचा दंडक होता. त्यानंतर २०१४ ची एंडोमेंट आणि २०१६ ची मनीबॅक पेड-अप केल्या, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात रक्कम कायम ठेवली. एंडोमेंटचे २१ पैकी ९ हप्ते भरले होते, म्हणून ५ लाखांचे २ लाख १४ हजार राहिले, अधिक आजवरचा बोनस. युलिपची पाच वर्षे पूर्ण झाली होती, ती काढून घेतली. २००९ ची एंडोमेंट वर्षभरात पिकणार होती, तिला हात लावला नाही. बालयोजनेत वडील गेल्यास पुढचे हप्ते माफ होतात, म्हणून तीही ठेवली. सगळे मोडून नवे विकणारा सल्लागार आणि जुन्याला चिकटून राहणारा एजंट, या दोघांपेक्षा ही एकेक पॉलिसी सुटी बघण्याची पद्धत वेळखाऊ आहे. बाईंना त्यातून कमिशनही मिळाले नाही.

“मामांना काय सांगायचं?” हा पत्नीचा प्रश्न होता, आणि तो लहान नव्हता. बाईंनी मामांबद्दल वावगा शब्द काढला नाही. “मामांच्या चारातल्या दोन चालूच आहेत, बाकीच्या दोन बुडवल्या नाहीत, थांबवल्यात, असं सांगा,” एवढेच म्हणाल्या. मामा दिवाळीला आले नाहीत. पुढच्या वर्षी आले.

आरोग्य विमा, आणि जे विकले नाही

बँकेचा ३ लाखांचा गट विमा डिसेंबरच्या नूतनीकरणाआधी वेळेत अर्ज करून वैयक्तिक पॉलिसीत पोर्ट केला, म्हणजे हलवून घेतला. त्यामुळे जुन्या ३ लाखांपुरता आधी काढलेला प्रतीक्षा काळ (आधीपासूनच्या आजारांचा खर्च मिळू लागण्याआधी थांबायची वर्षे) मोजून मिळाला. नवी रक्कम १० लाख, हप्ता २४ हजार. यात बाईंनी आग्रह धरला तो खोलीभाड्याला मर्यादा नसण्याचा. जुन्या पॉलिसीत रोजचे भाडे विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३ हजारांपर्यंतच मान्य होते. ही अट फक्त भाड्यापुरती आहे असे लोक समजतात. तसे ते नसते, ते पुढे दाखवतो.

शिवाय ५० लाखांचा वैयक्तिक अपघात विमा, त्यात काम पूर्ण बंद पडल्यास आठवड्याला १० हजार. हप्ता ८,६००. हा विमा यांना आजवर कुणी सुचवलाच नव्हता. स्वस्त असतो, कमिशन थोडे मिळते. पण ज्याची मजुरी रोज शेडमध्ये उभे राहण्यावर अवलंबून, त्याचा मरणापेक्षा लवकर घडणारा धोका हाच.

आईसाठी मात्र काहीच विकले नाही. मधुमेह असलेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाईंसाठी जी पॉलिसी मिळत होती तिचा हप्ता तीस हजारांच्या पुढे, वर प्रत्येक बिलात स्वतःचा वाटा. घरात केशरी शिधापत्रिका होती. “महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्या बसतात, आधी ते कागद नीट करा,” असे सांगितले. तेव्हा त्या योजनेची मर्यादा वर्षाला कुटुंबामागे दीड लाख होती, नंतर ती ५ लाख झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी उत्पन्नाची अट न ठेवता ५ लाखांचे आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केले. आईंना सत्तर पूर्ण झाल्यावर पुढच्याच महिन्यात बाईंचा फोन आला, कार्ड काढून घ्या म्हणून.

सगळे मिळून वर्षाचा खर्च १,२६,००० वरून १,११,६०० वर आला. जीवन विम्याचे संरक्षण साडेसतरा लाखांवरून साडेपंच्याऐंशी लाखांच्या वर गेले. गरज १ कोटी ४२ लाखांची होती. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त भरली, पूर्ण नाही.

फेब्रुवारी २०२५

उसाचा हंगाम. रात्री साडेनऊच्या सुमारास हातकणंगल्याजवळ मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी. यांची मोटरसायकल तिच्यावर गेली. हेल्मेट होते, म्हणून डोके वाचले. डाव्या पायाचे हाड गुडघ्याखाली फुटले, तेही सांध्यातच. कोल्हापूरच्या एका खासगी रुग्णालयात नेले.

पत्नीने रात्री अकराला बाईंना फोन केला. त्या फोनवर त्यांनी धीर दिला, आणि लगेच काय करायचे ते सांगितले. “वहिनी, केसपेपरवर अपघाताची वेळ आणि जागा नीट लिहिलीय का बघा. गाडी ते स्वतः चालवत होते आणि दारू प्यायलेली नव्हती, हे डॉक्टरांना लिहायला सांगा. एमएलसी नंबर, म्हणजे रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेल्या अपघाताच्या नोंदीचा नंबर, त्याचा तुमच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा. लायसनचा फोटो मला पाठवा. खोली कुठली देतात ती घ्या, आपल्याला मर्यादा नाही.”

अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांत घाईघाईने जे लिहिले जाते तेच पुढे दाव्याच्या टेबलावर वाचले जाते. ‘दारूचा वास’ असे एखाद्याने सवयीने लिहून ठेवले तर अपघात विमा तिथेच अडकतो. हे त्या क्षणी रडवेल्या बायकोला सुचत नाही, सुचण्याची अपेक्षाही करू नये.

बिल झाले ३,८४,००० रुपये. खोली सात दिवस, रोजचे ६ हजार, म्हणजे ४२ हजार. शस्त्रक्रिया, सर्जन, भूल, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग मिळून १ लाख ६२ हजार. प्लेट आणि स्क्रू ९६ हजार. औषधे, साहित्य आणि तपासण्या ८४ हजार.

जुन्या पॉलिसीत काय झाले असते ते पाहू. मान्य भाडे ३ हजार आणि घेतलेली खोली ६ हजारांची, म्हणून भाडे निम्मे मिळाले असते. पण त्याच प्रमाणात शस्त्रक्रिया आणि डॉक्टरांचे शुल्कही निम्मे झाले असते, १ लाख ६२ हजारांचे ८१ हजार. औषधे, प्लेट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. एकूण मिळाले असते फार तर २ लाख ८२ हजार, आणि डिस्चार्जच्या काउंटरवर निदान १ लाख २ हजार रोख भरावे लागले असते. नव्या पॉलिसीत कंपनीने ३,७२,६०० दिले. हातमोजे, फाइल अशा न मिळणाऱ्या बाबींचे ११,४०० घरून गेले.

२०२४ च्या मे महिन्यातल्या नियामकाच्या परिपत्रकाने कॅशलेसला तासाभरात आणि डिस्चार्जला तीन तासांत मंजुरी देण्याचे बंधन घातले आहे. इथे पहिली मंजुरी वेळेत आली, डिस्चार्जची लांबली. बाईंनी परिपत्रकाचा हवाला देऊन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, आणि संध्याकाळी सुटका झाली.

अपघात विम्याचा दावा संथ चालला. सोळा आठवडे ते शेडवर गेले नव्हते, म्हणून १ लाख ६० हजारांचा दावा केला. कंपनीने चौदा आठवडे मान्य केले. डॉक्टरांनी चौदाव्या आठवड्याच्या अखेरीस ‘बसून हलके काम करण्यास हरकत नाही’ असे लिहिले होते. पॉलिसीची अट काम पूर्ण बंद असण्याची. ते चिडले, लोकपालाकडे जाऊ म्हणाले. विमा लोकपालाकडे तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही, पुण्यात कार्यालय आहे. कंपनीशी भांडण खरे असते तर बाईंनी स्वतः अर्ज लिहून दिला असता, पण इथे त्यांनी स्पष्ट सांगितले की शब्दाप्रमाणे कंपनी बरोबर आहे, वीस हजारांसाठी महिने घालवू नका. १ लाख ४० हजार बँकेत जमा झाले. त्या चौदा आठवड्यांत जॉबरने (मागांची देखभाल करणाऱ्या कारागिराने) माग चालवले, कामगारांचे पगार आणि कर्जाचा हप्ता यांचा भार या पैशांनी भरून निघाला.

ट्रॉलीवाल्याच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळा दावा करता येतो, आणि तो सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, याचीही बाईंनीच आठवण करून दिली. ते त्यांचे काम नव्हते. त्यांनी वकिलाकडे जायला सांगितले, आणि पंचनाम्याची प्रत कुठून मिळेल ते सांगितले. तो दावा चालू आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुदत विम्याचा हप्ता आला तो २९,२०० च्या आसपास. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकला गेला होता. त्यांना वाटले चुकून कमी आला.

आता राहिलेली तूट. रॅपियर मागांमुळे विवरणपत्रातले उत्पन्न वाढले आहे, आणखी २५ लाखांचा विमा मिळू शकतो. रुग्णालयातून आल्यापासून त्यांनी तंबाखू सोडली आहे. त्यांचे म्हणणे असे की थोडे थांबू, तंबाखू न खाणाऱ्याच्या दरात घेऊ. बाईंचे म्हणणे, दर कमी व्हायची वाट बघताना घर उघडे ठेवायचे नाही. काही कंपन्या गेल्या बारा महिन्यांचेच विचारतात, काही त्याच्याही मागे जातात. कुठल्याही अर्जात खरे तेच लिहायचे, जो दर येईल तो भरायचा. पत्नीने बाईंची बाजू घेतली. अर्ज गेल्या आठवड्यात गेला. त्यात तंबाखू कधी सोडली ती तारीख लिहिली आहे आणि पायाच्या शस्त्रक्रियेचे कागद जोडले आहेत. वैद्यकीय तपासणी पुढच्या गुरुवारी आहे.